खुर्चीतल्या माणसाचं उजवं

४ मार्च

बारक्या,

कामाचं पत्र आहे, त्यामुळे न वाचता टाकून देऊ नकोस.

आपला डबा शेवटच्या घटका मोजतोय. तू ज्याच्यावर डेटाबेस करून दिलास तोच जुना कॉम्प्युटर. सकाळी चालू करायला गेलं की आधी कण्हतो, मग निळा पडतो, मग मी बाजूला एक थापड मारते आणि मग तो मुकाट्याने सुरू होतो. थापडेचं तंत्र बाबांचं. त्यांच्या मते यंत्राला लाडानं काही कळत नाही. कॉम्प्युटरवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि शिंकला. म्हणाला, काकू, याचे सुटे भाग आता संग्रहालयात मिळतील.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्यातला एक कॉम्प्युटर दिला. चांगला आहे, आवाजही करत नाही. पण त्याची ऑपरेटिंग सिस्टिम निराळी, आणि आपला प्रोग्रॅम त्याच्यावर चालायलाच तयार नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो, याची जातच वेगळी, दुसरा प्रोग्रॅम शोधा. मी विचारलं, कुठला? तर म्हणाला, शोधा की. वर चहाही पिऊन गेला.

आता तुला सांगायला नको त्यात काय आहे ते. आपण केलेला प्रत्येक खोटा डोळा त्यात आहे. कुणाच्या बुबुळाला कुठला रंग कितव्या थरात लावला, पांढऱ्यावर शिरा म्हणून रेशमाचे लाल तंतू किती दाट ठेवले, खोबणीत नीट दिसावं म्हणून बुबुळ मध्यापासून किती आणि कुणीकडे सरकवलं. बाबांचे हात आता थरथरतात. गेली काही वर्षं कुंचला माझ्याकडे आहे, आणि बाबा जे डोक्यात ठेवायचे ते मी डब्यात बघते. डबा गेला तर एकेका माणसाला पुन्हा पहिल्यापासून खुर्चीत बसवावं लागेल. काहीजण म्हातारे झालेत, काही लांब गेलेत. ते यायचे नाहीत. डोळ्यावर पट्टी बांधून राहतील.

आणि त्यात तूही आहेस. पाच वर्षांत नवा डोळा केला नाही तर नाव लाल व्हायची सोय तूच करून ठेवलीस. यादी उघडली की सगळ्यात वर तू, लालभडक. रोज सकाळी थापड मारली की आधी तूच दिसतोस. इतका जुना डोळा आतून खरचटतो, पापणी ओढून धरतो. हे मी कारागीर म्हणून सांगते आहे. बहीण म्हणून सांगितलं तर तू ऐकणार नाहीस.

पत्ता बदलला की दोन ओळींचं कार्ड न चुकता टाकतोस, म्हणजे पोस्टावर तुझा राग नाही. तर तिसऱ्या ओळीत एवढंच कळव, दुसरा कुठला प्रोग्रॅम घेऊ?

तुझी ताई


११ मार्च

बारक्या,

तुझं काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनला दोनदा विचारलं.

कॉम्प्युटरवाल्याचं ऐकून मी सगळं एका मोठ्या तक्त्यात भरायला घेतलं. उभे रकाने, आडवे रकाने. म्हणाला, सगळं जग याच्यावर चालतं. चालत असेल बाबा. आपला घड्याळजी आहे ना, लहानपणापासून आपल्याकडे येणारा, त्याचे आजवर चार डोळे झाले. तक्त्यात त्याचं नाव चार वेळा लिहावं लागलं. पत्ता चार वेळा. मग एकेका डोळ्याला रंगाचे पाच-सहा थर, म्हणजे परत तेच नाव. संध्याकाळपर्यंत माझ्या तक्त्यात घड्याळजींची पलटण उभी राहिली. एकाचा पत्ता सुधारला तर बाकीचे जुन्याच घरात राहत होते. मी कपाळाला हात लावला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की तू काय केलं होतंस. तुझ्याकडे माणूस एकदाच लिहिलेला होता. त्याला त्याचे डोळे बांधलेले आणि एकेका डोळ्याला त्याचे थर. इतकी वर्षं मी बटणं दाबत होते आणि मला वाटत होतं, यंत्र आहे, त्याला माहीत असणारच. यंत्राला कुठलं माहीत? तू बसून एकेक विचार केला होतास, हे मला आत्ता उमगलं.

तक्ता पुसून टाकला. कॉम्प्युटरवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

ताई


१९ मार्च

बारक्या,

या आठवड्यात मी इतके प्रोग्रॅम पाहिले की लग्नाच्या वयात तितकी स्थळं पाहिली नसतील.

एक होता फार देखणा. रंग काय, गुळगुळीतपणा काय! पण तो आपल्या कॉम्प्युटरवर राहत नाही, लांब कुठेतरी त्यांच्याच घरी राहतो, आणि दर महिन्याला भाडं मागतो. आपल्या लोकांचे चेहरे परक्याच्या घरी ठेवायचे? आपल्याकडे अशी माणसं येतात की त्यांच्या बायकोलाही माहीत नाही कुठला डोळा खोटा. त्याला नमस्कार केला.

दुसऱ्याची तऱ्हा निराळी. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग आणतो आणि मग त्या सोंगात आपला प्रोग्रॅम चालतो. मला ती कल्पना भारी आवडली. पण सोंगच ते, फोटो उघडायला गेलं की मान टाकायचा. शिवाय मला वाटलं, आज सोंग करून निभेल, उद्या हा कॉम्प्युटरही म्हातारा झाला की सोंगाचं सोंग करायचं का?

तिसरा सापडला तो फुकट आहे. फुकट म्हटल्यावर मी आधी नाक मुरडलं. पण मी वाचत गेले आणि बारक्या, मला खरंच भरून आलं. कुठकुठची माणसं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, आपापली नोकरी-चाकरी सांभाळून हा प्रोग्रॅम लिहितात. कुणी एक बटण नीट करतं, कुणी दुसऱ्याची चूक सुधारतं. कशासाठी? तर आपल्यासारख्या कुणाचा तरी डबा मरेल म्हणून. त्यांना मी माहीत नाही, आपलं काम माहीत नाही. तरी कधीचं करून ठेवलेलं आहे. मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, काहीतरी गोम असणार. पण दोन वेळा वाचायला लावलं.

तिथे लोक अडचणी लिहितात आणि बाकीचे उत्तरं देतात. मी आपली अडचण लिहिली. एका गृहस्थांनी उत्तर दिलं. नाव नाही, नुसतं मधमाशीचं चित्र. मधाच्या पेट्यांची नोंद ठेवायला ते हाच प्रोग्रॅम वापरतात, कुठल्या पेटीत कुठली राणी आणि तिची आई कोण, सगळं. म्हणाले, बाई, घाबरू नका. तुमच्या नोंदी एकूण एक इकडे येतील. पण ज्या फॉर्ममधून तुम्ही त्या बघत होतात, तो येणार नाही. तो तुमचा तुम्हाला नव्याने करावा लागेल.

म्हणजे आतला माल येईल, दुकान येणार नाही. चालेल. आपल्याला मालाशी मतलब.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

आलं रे सगळं! एकूण एक!

मधमाशीवाल्यांनी सांगितलं तसं करत गेले. डब्याने तेवढा वेळ दम धरला, मध्ये एकदा निळा पडला तेव्हा बाबांनीच जाऊन थापड मारली. नवीन यंत्रावर नोंदी उतरल्या. मग त्यांनी एक जागा दाखवली, तिथे सगळ्या नोंदींचा नकाशा निघतो. चौकोन आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. तो तू जोडून गेलेला नकाशा जसाच्या तसा आला होता.

मी खुर्ची ओढून कितीतरी वेळ बघत बसले. माणूस, माणसाला डोळे, डोळ्याला थर. घड्याळजींचे चारही डोळे मी ओळीने उघडले. पहिला मधासारखा. दुसऱ्यात जरा राखाडी मिसळलेलं. तिसऱ्यात कडेला फिकट कड. चौथ्यात ती कड रुंद झालेली, कारण खरा डोळा म्हातारा झाला तसा बाबांनी खोटाही म्हातारा केला. माणसाचं अख्खं वय चार ओळींत. रंग बाबांचे, पण ते असे ओळीने लावून ठेवायचं तुला सुचलं. तुम्हा दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं तेव्हाही तुमचं काम एकाच रेघेवर बसलं होतं. 

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, हं. आता बाबांचा हं तुला माहीत आहे. पण नंतर स्वयंपाकघरातून परत येऊन पुन्हा एकदा बघून गेले.

तुला आठवतं का, तू हे का केलं होतंस? मी या आठवड्यात सारखा तोच विचार करते आहे. गिऱ्हाईक आलं की बाबा तुला हाक मारायचे. तू खुर्चीत बसायचास आणि बाबा म्हणायचे, ओळखा पाहू कुठला. लोक वाकून बघायचे. नेहमी चुकीचाच ओळखायचे. बाबांना कोण अभिमान वाटायचा! तू हसायचास, म्हणून मला वाटायचं तुलाही मजा येते. मग तू डब्यावर फोटो भरलेस, सगळ्या डोळ्यांचे, आणि बाबांना म्हणालास, आता लोकांना हे दाखवा. म्हणजे मला नको दाखवायला, असं तू म्हणाला नाहीस. बाबांनी फोटो दाखवले आणि वर तुलाही हाक मारलीच. त्याच महिन्यात तू गेलास.

नवीन यंत्रावर लाल व्हायची सोय अजून केलेली नाही. सध्या तू काळ्या अक्षरांत आहेस, इतरांसारखा. मला बरं वाटत नाही ते.

ताई


९ एप्रिल

बारक्या,

घात झाला.

पोहायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, मोठ्या आवाजाच्या, त्यांचा डोळा तलावात पडला. सूर मारला आणि निसटला. पोरांनी तळाशी बुड्या मारमारून शोधला. बाई म्हणाल्या, इतका मन लावून केलेला तास आजवर झाला नव्हता. पण पाणी गाळायच्या यंत्राने तो गिळला होता. त्या पट्टी बांधून आल्या. पट्टीने पोरांपुढे उभं राहवत नाही म्हणाल्या, सुट्टी घेतलीय. आवाज एवढासा झाला होता.

मी म्हटलं, अजिबात काळजी करू नका, आहे तुमचं सगळं माझ्याकडे. नव्या यंत्रावर पहिलंच काम. ऐटीत नोंद उघडली. त्यांच्या खोबणीचा साचा फळीवर होताच, रंगाचे थर होते, आणि बुबुळ उजवीकडे दोन मिलिमीटर सरकवायचं होतं. मी तसं केलं. रंग असा जमला की बाबाही बोलले नाहीत. बाई खुर्चीत बसल्या, मी डोळा बसवला, मागे सरकून पाहिलं, आणि माझेच डोळे पांढरे झाले. खरा डोळा माझ्याकडे बघत होता आणि खोटा दाराकडे.

बाईंनी आरसा मागितला. मी दिला नाही. त्यांनी हिसकावून घेतला. हळूच आरसा पालथा ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी डब्याला थापड मारून तीच नोंद उघडली. तिथे होतं, डावीकडे दोन. नव्यात उजवीकडे. आणखी दहाबारा नोंदी पडताळल्या, प्रत्येकीत उलटं. म्हणजे आणताना सगळ्या डाव्याचं उजवं झालं. एकूण एक माणसाचं! बाबा म्हणाले, मी सांगत होतो गोम असणार. मधमाशीवाल्यांना मी नको नको ते लिहिलं. फुकटचं ते फुकटचंच, असंही लिहिलं.

डबा परत सुरू होईल की नाही देव जाणे. आज तीन थापडा लागल्या. बारक्या, एकदा उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस, हे नीट कसं करायचं तेवढं लिही.

ताई


१० एप्रिल

बारक्या,

कालचं पत्र टाकलं नसतं तर फाडलं असतं. हे आधी मिळालं तर ते वाचू नकोस.

पोहायच्या बाई आज सकाळी परत आल्या. आपणच. पर्समधून एक चिठ्ठी काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपलेली. पहिला डोळा केला तेव्हा आपल्या प्रोग्रॅममधून छापून दिलेली, डोळा धुवायचा कसा, बसवायचा कसा. अशी चिठ्ठी आपण प्रत्येकाला देतो. मी आयुष्यात ती कधी वाचली नव्हती, मला कशाला लागते? बाई म्हणाल्या, यात बघा, आरशात बुबुळ जरा उजवीकडे वाटेल, आत गेलं की सरळ दिसेल, असं लिहिलंय. मग तुमचं काल काय चुकलं?

उजवीकडे. म्हणजे नवा कॉम्प्युटर म्हणतो तेच. आणि डब्याच्या स्क्रीनवर डावीकडे. एकाच डब्याने एकाच डोळ्याबद्दल बाईंना एक सांगितलं आणि मला एक.

मी पुन्हा मधमाशीवाल्यांचे पाय धरले. भला माणूस. काल मी काही लिहिलंच नाही अशा थाटात त्यांनी डब्यावरचा फॉर्म आतून कसा उघडायचा ते सांगितलं. मी उघडला. बुबुळाच्या रकान्यामागे एक ओळ होती. आतून उजवं आलं तर डावं दाखव, डावं आलं तर उजवं दाखव. आणि कुणी काही भरलं तर तेही तसंच उलटं करून आत ठेव.

नव्या यंत्राने काही बदललं नव्हतं रे. ते बिचारं तू आत ठेवलेलंच दाखवत होतं.

बाबा स्टुलावर बसून बोलायचे, त्यांच्या उजव्याला उजवं. मीही तेच शिकले. समोर बसलेल्या माणसाचं ते डावं असतं हे आमच्या डोक्यातही आलं नाही. कधी गरजच पडली नाही. पण तू खुर्चीत बसायचास. बाबा तुझ्याकडे बघून उजवीकडे म्हणायचे तेव्हा तुला आत ते डावीकडे लागत असणार. तू आम्हाला कधी म्हणाला नाहीस, तुमचं उलटं आहे. आम्ही ऐकलंही नसतं. तू आत सगळं खुर्चीतल्या माणसाच्या बाजूने लिहिलंस, आणि आम्हाला समजावं म्हणून बाहेर उलटं करून दाखवलंस. गिऱ्हाइकाला चिठ्ठी मात्र त्याच्या बाजूची, सरळ. एकूण एक माणसाची. आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही.

मी त्या ओळीसमोर बसून राहिले. बाई म्हणाल्या, ताई, काय झालं? मी म्हटलं, माझा भाऊ दिसला. त्या घाबरून दाराकडे बघायला लागल्या.

बाईंचा डोळा दुरुस्त करते आहे. बुबुळ त्यांच्या उजवीकडे.

ताई


२८ एप्रिल

बारक्या,

डबा गेला. काल सकाळी थापड मारली तर काहीच झालं नाही. बाबांनी मारून पाहिली, तरी नाही. पण आता हरकत नाही. सगळं इकडे आलेलं आहे आणि नवा फॉर्मही मी केला, माझ्या हातांनी. मधमाशीवाले म्हणतात, बरा आहे. चिठ्ठीही छापली जाते. आणि नावं लाल होतात. केल्याबरोबर पहिलं तुझंच झालं. मला हुश्श वाटलं.

ती उलटं करायची ओळ मात्र मी घातली नाही. मधमाशीवाल्यांनी विचारलं, का हो, विसरलात? मी म्हटलं, नाही. आता आम्हीच आमचं तोंड फिरवू. खुर्चीत बसणाऱ्याला विचारायचं, कुणीकडे ओढतंय, आणि तो म्हणेल तसं लिहायचं. पहिल्या दिवशी माझे इतके घोटाळे झाले की विचारू नकोस. डावा हात वर करून मगच लिहिते. गिऱ्हाइकांना वाटतं, मला प्रश्न विचारायचा आहे.

पोहायच्या बाई तलावावर परत गेल्या. आता दोन्ही डोळे एकत्र रागावतात म्हणाल्या.

बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. माझ्या पाठीमागे माझ्या बोलण्याचं उलटं करतो म्हणजे काय, असं काहीतरी. चिडले नाहीत. जेवण झाल्यावर कामाच्या खोलीत गेले. मी गेले तर स्टूल रिकामं आणि बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मला म्हणाले, स्टुलावर बस. मी बसले. म्हणाले, उजवा हात वर कर. मी केला. त्यांनीही त्यांचा उजवा वर केला. माझा खिडकीकडे, त्यांचा कपाटाकडे. बाबा एकदा माझ्या हाताकडे, एकदा त्यांच्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा हात थरथरत होता पण त्यांनी खाली घेतला नाही.

मग म्हणाले, "इथून किती वेगळं दिसतं गं."

थोड्या वेळाने म्हणाले, "समोरचा माणूस केवढा मोठा वाटतो इथून. वाकला की नको वाटतं."

 ते अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होते. मी दिवा लावला तेव्हा उठले.

हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. घडलं म्हणून लिहिलं.

ताई


१४ मे

बारक्या,

तुझं पाकीट सकाळी आलं.

वजनावरून मला वाटलं, बिस्किटं असतील. पोस्टमनसमोरच फोडलं. पत्र्याची लहान डबी, कापूस, आणि कापसात तुझा डोळा. सोबत तुझी चिठ्ठी: ताई, खरचटतंय. नवा कर. रंग आता थोडा फिका झालाय, आरशात पाहिलं.

मी तिथेच पायरीवर बसले. पोस्टमनला वाटलं, काहीतरी वाईट आहे, तो पाणी आणायला पळाला. चेहऱ्याकडे लोकांनी वाकून बघू नये म्हणून ज्याने घर सोडलं, त्याने डोळा काढून टपालाने माझ्याकडे पाठवला. म्हणजे आत्ता तू तिकडे तसाच आहेस. माझ्या भरवशावर. बारक्या, इतका मोठा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही, आणि तो चार शब्दांत टाकलास.

बाबांच्या हातात दिला. त्यांनी ओळखला, हात लावताच. धुतला. खिडकीशी नेला. मला वाटलं, आता म्हणतील, बघ अजून कसा दिसतो. त्यांचं नेहमीचं तेच. पण त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. उलटा केला आणि मागून, आतल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "इथे धार आलीय. किती वर्षं टोचत असेल त्याला." मग दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

तुझी नोंद उघडली. बुबुळ तुझ्या डावीकडे एक. तुझ्या, बरं का.

आता नीट ऐक. डोळ्याशिवाय फार दिवस राहायचं नाही, खोबणी आकसते, तुला माहीत आहे. आणि टपालाने मी डोळा पाठवणार नाही. फिका म्हणजे किती फिका, हे चिठ्ठीवरून कळत नाही. तुझा खरा डोळा दिवसाच्या उजेडात बघावा लागेल. म्हणून मीच येते आहे. मेण, रंग, रेशीम, कुंचले बांधून ठेवलेत. शनिवारची गाडी आहे.

बाबा विचारतायत, तेही आले तर चालेल का. अक्षरही बोलणार नाही म्हणतात. हे मी खरं मानत नाही, पण विचार म्हणाले म्हणून विचारते. नको असेल तर दारातच सांग, ते बाहेर थांबतील. तेही त्यांनीच सांगितलंय.

तुझ्याकडे एखादी खुर्ची असेलच. उजेडाकडे तोंड करून ठेव. स्टूल मी आणत नाही, मी खाली जमिनीवर बसेन. खुर्चीत तू बस, आणि उजवं कुठलं ते तू सांग.

तुझी ताई